पेरोव्हस्काइट सौर सेल: उलट स्कॅनला (व्होल्टेज उतरवत) कार्यक्षमता १८.६ टक्के, सुलट स्कॅनला (चढवत) १५.१. कोणता आकडा धरायचा?

पातळथर:
रचना अशी: एफटीओ काच (वीजवाहक लेप असलेली), टिन ऑक्साइड (इलेक्ट्रॉन वाहणारा थर), ट्रिपल कॅटायन (तीन धन आयनांचं) पेरोव्हस्काइट (साधारण ५०० नॅनोमीटर), स्पायरो (होल, म्हणजे धन चार्ज, वाहणारा थर), वर सोनं. स्कॅनचा वेग १०० मिलिव्होल्ट प्रति सेकंद. १.२ व्होल्टवरून खाली येताना १८.६ टक्के, शून्यावरून वर जाताना १५.१. फरक मुख्यतः फिल फॅक्टरचा (करंट-व्होल्टेज वक्र आयताच्या किती जवळ आहे, त्याचं माप). वेग दहापट वाढवला की फरक वाढतो, दहापट कमी केला की बराच घटतो. शिवाय प्रकाशात इम्पीडन्स (वेगवेगळ्या वारंवारतेला सेलचा विरोध) घेतल्यावर ०.१ हर्ट्झला प्रति चौरस सेंटिमीटर जवळजवळ १ मिलिफॅरड कपॅसिटन्स दिसतो. एवढा चार्ज साठतो कुठे?

मोजपट्टी:
आधी आकड्याचं. दोन्ही सोडा. पेरोव्हस्काइटमधल्या आयोडाइड आयनांच्या रिकाम्या जागा सरकतात आणि दोन्ही टोकांच्या थरांपाशी गोळा होऊन आतलं विद्युतक्षेत्र झाकतात. १.२ व्होल्टला थांबून निघालात तर आयनांची मांडणी चार्ज बाहेर काढायला सोयीची असते, म्हणून उलट स्कॅन देखणा दिसतो. शून्यावरून निघालात तर आयन शॉर्ट सर्किटच्या मांडणीत असतात. व्होल्टेज वाढतं, ते मागे राहतात, क्षेत्र काही काळ उलटं होतं, पुनर्संयोग (इलेक्ट्रॉन आणि होल पुन्हा एकत्र येऊन वाया जाणं) वाढतो आणि फिल फॅक्टर पडतो.

दोन्ही दिशांचे वक्र द्या, पण मुख्य आकडा कमाल शक्तीच्या बिंदूवर किमान ५ मिनिटं धरून मिळालेला द्या. मास्क (प्रकाश पडण्याचं क्षेत्र ठरवणारी पट्टी) लावूनच. ट्रॅकरने (हा बिंदू शोधत राहणाऱ्या उपकरणाने) १० मिलिव्होल्टची पायरी घेतल्यावर करंट स्थिरावेपर्यंत थांबायला हवं. घाई केली तर व्होल्टेज कमी करताच सेल डिस्चार्ज होतो, करंट क्षणभर फुगतो, ट्रॅकरला वाटतं शक्ती वाढली, आणि तो शॉर्ट सर्किटकडे भरकटत जातो.

नायक्विस्ट:
चार्ज तेवढा साठतच नाही. ५०० नॅनोमीटर थर आणि ३० च्या आसपास परावैद्युत स्थिरांक धरला तर भौमितिक कपॅसिटन्स प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे ५० नॅनोफॅरड येतो. तुमचा आकडा त्याच्या वीस हजार पट आहे. थोडेसे आयन हलले की थरांच्या सीमेवरचा अडथळा बदलतो, आणि त्यातून पुनर्संयोगाचा मोठा करंट उशिरा बदलतो. हा उशीर विश्लेषकाला कपॅसिटरसारखा दिसतो. प्रकाश दुप्पट केला की हा आभासी कपॅसिटन्सही साधारण दुप्पट होतो. खऱ्या कपॅसिटरमध्ये तसं होण्याचं कारण नाही.

तपासायला सोपी रीत: प्रकाशात ओपन सर्किटजवळ व्होल्टेज २० मिलिव्होल्टने वाढवा आणि फॉरवर्ड करंट पाहा. उडी मारून हळूहळू उतरला तर कपॅसिटिव्ह. हळूहळू चढत गेला तर इंडक्टिव्ह, म्हणजे नायक्विस्ट आलेखात (इम्पीडन्सचा वास्तव आणि काल्पनिक भाग मांडलेला आलेख) अक्षाखाली वळसा. मात्र ०.०१ हर्ट्झचं एक आवर्तन १०० सेकंदांचं असतं. तेवढ्यात सेल बिघडत असेल तरी असाच वळसा येतो. शेवटी १ किलोहर्ट्झचे बिंदू पुन्हा घ्या. जुळले नाहीत तर कमी वारंवारतेचा भाग टाकून द्या.

पातळथर:
दुप्पट प्रकाशाला खरंच दुप्पट येतोय. मग पी-आय-एन रचनेकडे (थरांचा क्रम उलटा) वळलो तर आयनांचा त्रास संपेल का?

टिनऑक्साइड_प्रेमी:
वक्रातला फरक बहुधा कमी होईल, आयन जाणार नाहीत. इम्पिरियल कॉलेज लंडनच्या गटाने २०१६ मध्येच दाखवलं की हिस्टेरेसिस (दोन दिशांच्या स्कॅनमधला फरक) जवळपास नसलेल्या सेलमध्येही आयन सरकतात. सीमेवरचा पुनर्संयोग कमी असल्याने ते वक्रात उमटत नाहीत.

रचना बदलण्याआधी सीमा सुधारा. टिन ऑक्साइडचं १५ टक्क्यांचं कोलॉइड पाण्यात १:४, काच फिरवत लेप ३००० आरपीएमला ३० सेकंद, १५० अंशांवर ३० मिनिटं, पेरोव्हस्काइटच्या लगेच आधी १५ मिनिटं यूव्ही-ओझोन. हा थर धुऊ नका. बऱ्याच तयार कोलॉइडमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं आणि तेच पोटॅशियम सीमेवरचे दोष झाकतं. धुतलं की हिस्टेरेसिस वाढतो आणि दोष उगाच पेरोव्हस्काइटच्या माथी मारला जातो.

मोजपट्टी:
ब्रोमाइड किती आहे तेही लिहा. २० टक्क्यांच्या वर असेल तर प्रकाशात हॅलाइड (आयोडाइड आणि ब्रोमाइड) वेगळे होऊ शकतात. मग ट्रॅकिंगमधली घसरण निव्वळ आयनांच्या मांडणीची राहत नाही. फोटोल्युमिनेसन्सचा (प्रकाश शोषून पदार्थ स्वतः सोडतो त्या प्रकाशाचा) शिखरबिंदू तांबड्याकडे सरकतोय का, ते त्याच वेळी पाहावं लागेल.