मदत हवी आहे: एएफएमची (अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपची) टिप बोथट झाली की माझे कणच रुंद आहेत?

नमस्कार मंडळी, मी नाशिकचा, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी द्राक्षाच्या पानांच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण बनवतोय. (पानं फुकट मिळतात, नाशकात राहण्याचा एवढाच फायदा!) अभ्रकावर थेंब सुकवून बाहेरच्या एका लॅबमध्ये एएफएमने टॅपिंग मोडवर, म्हणजे अतिबारीक सुईसारखी टिप पृष्ठभागावर हलकेच टेकवत, स्कॅन केलं. 1 मायक्रॉनचा स्कॅन, 512 बिंदू, म्हणजे एक पिक्सेल साधारण 2 नॅनोमीटरचा. तेव्हा दोष पिक्सेलचा नसावा.

कणांची उंची 12 नॅनोमीटर येते, पण बुडाशी रुंदी तब्बल 70! टिपची गोलाई प्रतिमेत मिसळते हे माहीत आहे. कण आणि टिपचं टोक दोन्ही गोल धरले, तर दिसणारी रुंदी त्यांच्या त्रिज्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या चौपट. 8 नॅनोमीटर त्रिज्येच्या टिपने 28 च्या आसपास यायला हवी होती. उलट हिशेब केला तर टिपची त्रिज्या 51 निघते. ऑपरेटर दादा मात्र "टिप नवीनच आहे" म्हणतात. त्यात सगळ्या कणांना उजवीकडे एकसारखं शेपूट दिसतंय, म्हणून मला टिपचाच संशय.

पुढच्या वेळी नमुना 90 अंशांत फिरवणार आहे. शेपूट सोबत फिरलं नाही तर टिपच दोषी, बरोबर ना? ग्विडिऑन या सॉफ्टवेअरमधलं ब्लाइंड टिप एस्टिमेशन (प्रतिमेवरूनच टिपचा आकार ताडणं) अशा विरळ कणांवर कुणी वापरलंय का? की अर्कातला चिकट थरच टिपला लागत असेल? मग कण किती वेळा धुता? स्लॉट पुन्हा लवकर मिळत नाही, म्हणून आधीच विचारतोय.