रिलीज नोट्स कोणी वाचत नाही म्हणे

रिकामी ओळ

अर्धविराम यांनी काल याच फोरमवर लिहिलं की प्रोग्रॅमिंग भाषेच्या रिलीज नोट्स (नव्या आवृत्तीत काय बदललं याची टिपणं) हाताने लिहिणं म्हणजे वेळ वाया घालवणं. कोणी वाचत नाही, तेव्हा स्क्रिप्टने कमिटच्या, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीच्या, ओळी गोळा करा, प्रकार लावा आणि चिकटवा. तिथेच दोन ओळींत उत्तर देणार होतो, राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी वाचतो. का वाचायला लागलो ते सांगतो. आम्ही जावा १७ वरून २१ वर गेलो. कंपाइल झालं, टेस्ट सगळ्या हिरव्या. दोन दिवसांनी जुन्या फायलींमधली वेळ वाचणारा भाग कोसळायला लागला. फाइलमध्ये ‘३:३० पीएम’ आणि प्रोग्रॅमलाही हवं ‘३:३० पीएम’. लॉगमध्ये दोन्ही एकाखाली एक छापून घेतले तरी काडीचा फरक दिसेना. रात्री अकराला शेवटी बाइट काढून बघितले. जुन्या फाइलमध्ये ‘पीएम’च्या आधी एक बाइट होता, साधी स्पेस. नव्या जावाने तयार केलेल्या मजकुरात त्याच जागी तीन बाइट. तीही स्पेसच, पण अरुंद, ओळ तुटू न देणारी, युनिकोडमध्ये वेगळा क्रमांक असलेली.

हा बदल आला जावा २० मध्ये, मार्च २०२३. सीएलडीआर (तारीख-वेळ वगैरे कुठल्या भाषेत कशी लिहायची याचा युनिकोडचा साठा) ४२ व्या आवृत्तीवर नेलं, त्यासोबत आला. मी २१ च्या नोट्स वाचल्या होत्या, १८, १९ आणि २० च्या वाचल्या नव्हत्या, ही माझी चूक. पण नंतर २० च्या नोट्स उघडल्या तर हे तिथे होतं! ‘सीएलडीआर ४२ चा आधार’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली, एका ओळीत. आधी वाचलं असतं तरी मी त्यावरून पुढे गेलो असतो. सीएलडीआरशी आपला काय संबंध, असंच वाटलं असतं.

नोटमध्ये बदलाचं नाव असतं आणि वाचणाऱ्याला हवं असतं जे मोडणार आहे त्याचं नाव. कमिट लिहिणारा आपण काय केलं ते लिहितो. माझ्या कोडचं काय होणार हे त्या ओळीत नसतंच, तर स्क्रिप्ट ते आणणार कुठून?

अर्धविराम

तुमच्याच गोष्टीने माझं म्हणणं सिद्ध होतं. नोट होती, माणसाने लिहिलेली होती, तुम्ही वाचली नाहीत, आणि आता म्हणता वाचली असती तरी उपयोग नव्हता. मग हाताने लिहून काय साधलं?

आता माझी ऐका. एका भाषेची (नाव घेत नाही, माणसं भली आहेत) आवृत्ती बदलली आणि आमचे रोजचे अहवाल वेगळे यायला लागले. आकडे तेच, ओळींचा क्रम वेगळा. पाच दिवस शोधलं. डेटाबेस तपासला, नेटवर्क तपासलं, एका सहकाऱ्यावर संशय घेतला, त्याची नंतर माफी मागितली. शेवटी कळलं की भाषेच्या सॉर्टमध्ये समान घटकांचा आपसातला क्रम बदलला होता. रिलीज नोट्समध्ये एक अक्षर नाही. लिहिणाऱ्याला ते किरकोळ वाटलं, त्याने गाळलं. कमिटच्या यादीत मात्र ती ओळ होती. माणूस गाळतो, स्क्रिप्ट गाळत नाही. मला पूर्ण यादी द्या, माझं मी शोधून घेईन.

कंसात कंस

अर्धविराम, समान घटकांचा क्रम राखला जाईल अशी हमी त्या भाषेच्या दस्तऐवजात होती का? नसेल तर तुमचा कोड आधीपासून चुकीचाच होता. मी एका कंपायलरला हातभार लावते म्हणून विचारतेय. न दिलेल्या हमीचा प्रत्येक बदल नोट्समध्ये लिहायचा ठरवला तर नोट्स हजार ओळींच्या होतील.

अर्धविराम

हमी नव्हती. आणि हेच वाक्य मला तेव्हाही ऐकवलं गेलं, अगदी याच सुरात. पाच दिवस माझे गेले, ताई. ‘हमी नव्हती’ एवढं बोलून तुमची सुटका होते, माझी होत नाही. वर्षानुवर्षं जे एकाच पद्धतीने चालत आलंय त्यावर लोक विसंबतात, हे भाषा बनवणाऱ्यांना माहीत असतं. गो भाषावाल्यांनी मॅपवरून (नाव-किंमत जोड्यांच्या साठ्यावरून) फिरताना क्रम मुद्दाम बदलता ठेवलाय तो त्याचसाठी, कोणी विसंबू नये म्हणून.

तिसरी पाळी

थोडं अवांतर, पण मला हे बोललंच पाहिजे. नोट्सचं राहू द्या. ज्या वॉर्निंग छापून येतात त्या तरी कोण बघतं? पायथन ३.६ मध्ये, डिसेंबर २०१६ ला, ‘असिंक’ हे नाव व्हेरिएबलला वापरलं की डेप्रिकेशन वॉर्निंग (हे पुढे बंद होणार, अशी सूचना) यायला लागली. जून २०१८ ला ३.७ आलं आणि तो शब्द राखीव झाला, थेट सिंटॅक्स एरर. दीड वर्षं मिळालं होतं. तरी मोठमोठ्या लायब्ऱ्या फुटल्या, कारण कोणाच्या पॅरामीटरचं नाव असिंक, कोणाच्या मॉड्यूलचं नाव असिंक. त्या रात्री पाळीवर मी होतो. एक लायब्ररी आवळून धरली की दुसरी सुटायची.

रिकामी ओळ

पण त्या वॉर्निंग दिसतच नव्हत्या ना! पायथन २.७ आणि ३.२ पासून डेप्रिकेशन वॉर्निंग मुळातच दडवलेली असते. ३.७ ला थोडी उघडली, तीही फक्त थेट चालवलेल्या मुख्य फाइलपुरती. लायब्ररीच्या आतली अजूनही दिसत नाही, पायटेस्टसारखी टेस्ट चालवणारी साधनं दाखवतात तेवढीच. दीड वर्ष मिळालं म्हणता, ते कोणाला मिळालं?

तिसरी पाळी

दडवली कारण लोकांनीच ओरड केली. प्रोग्रॅम वापरणाऱ्या माणसाच्या स्क्रीनवर प्रोग्रॅमरच्या चुका कशाला, असं म्हणणं होतं आणि ते मला पटतं. पण मग ज्याचा कोड आहे त्याने वॉर्निंग दाखवणारा झेंडा (फ्लॅग) लावून टेस्ट चालवायला नकोत? पायथनच्या कलेक्शन्स मॉड्यूलमधल्या मॅपिंग वगैरे क्लासचं बघा. २०१२ ला ३.३ मध्ये त्यांना कलेक्शन्स-एबीसी या वेगळ्या मॉड्यूलमध्ये हलवलं आणि जुनी जागा सोडा म्हणून सांगितलं. ती जुनी नावं काढली ३.१० मध्ये, ऑक्टोबर २०२१. नऊ वर्षं! मधे ३.९ ला काढणार होते, तेव्हाही एक वर्ष वाढवून दिलं, आणि ३.९ च्या ‘व्हॉट्स न्यू’मध्ये (नवं काय ते सांगणाऱ्या पानावर) वेगळा मथळा देऊन सांगितलं की आपल्या कोडमधल्या डेप्रिकेशन वॉर्निंग तपासा. यापेक्षा स्पष्ट काय लिहायचं? आणि तरी ३.१० आल्यावर आमच्याकडे सात सर्व्हिस उभ्याच राहिल्या नाहीत. सातही जणांचं उत्तर एकच, ‘आम्हाला कोणी सांगितलं नाही.’

कंसात कंस

हे वाचून अंगावर काटा आला. मी अशी वॉर्निंग घालून तीन वर्षं थांबले होते, आणि ती जुनी गोष्ट काढल्याच्या दिवशी मला ‘बेजबाबदार’ म्हणणारे चौदा इश्यू (तक्रारी) उघडले गेले. तीन वर्षांत एकही प्रश्न आला नव्हता. त्यानंतर महिनाभर मी त्या रेपॉझिटरीकडे फिरकले नाही.

शून्यापासून

वॉर्निंगचं पुरे झालं. नोट्सचा खरा रोग म्हणजे वेगाचे आकडे. पायथन ३.११ च्या वेळी लिहिलं होतं की ३.१० पेक्षा १० ते ६० टक्के वेगवान, सरासरी १.२५ पट. मी ते वाचून वरिष्ठांना सांगितलं, अपग्रेडला दोन आठवडे मंजूर करून घेतले. आमचा प्रोग्रॅम जिथल्या तिथे. बैठकीत मान खाली घालून बसावं लागलं.

रिकामी ओळ

त्याच दस्तऐवजात खाली प्रश्नोत्तरं आहेत, तीही वाचायला हवी होती. माझ्या कामात फरक का दिसत नाही असा प्रश्नच घेतलाय, आणि उत्तर असं आहे की कोडचा बहुतेक वेळ आय-ओमध्ये (फाइल, नेटवर्कशी देवाणघेवाण करण्यात) किंवा नमपायसारख्या सी भाषेत लिहिलेल्या एक्स्टेन्शनमध्ये जात असेल तर फारसा फायदा होणार नाही. तुमचा प्रोग्रॅम डेटाबेसची वाट बघत बसणारा असणार.

शून्यापासून

हो, तसाच आहे. ते उत्तर मी वाचलं नव्हतं. पण ते आकड्याच्या शेजारीच हवं होतं, इतकं खाली नको होतं.

रिकामी ओळ

हे मान्य. आणि माझं म्हणणंही तेच आहे, कोणाला लागू आणि कोणाला नाही हे त्याच ओळीत आलं पाहिजे. गो १.२२ च्या नोट्स बघा, फेब्रुवारी २०२४. फॉर लूपचा व्हेरिएबल आधी एकदाच तयार व्हायचा, आता दर फेरीला नवा होतो. भाषेच्या गाभ्यातला बदल, पण घबराट झाली नाही. कारण काय होतं, काय झालं आणि कोणाला लागू, तिन्ही लगेच कळतं. प्रकल्पाच्या गो-मॉड फाइलमध्ये १.२२ किंवा पुढची आवृत्ती लिहिली असेल तरच लागू, बाकीच्यांचा कोड आहे तसा चालतो. त्याआधी १.२१ मध्ये प्रयोग म्हणून चालू करून बघायची सोयही दिली होती. कमिटची कुठली ओळ हे सांगणार आहे?

अर्धविराम

गोच्या मागे गूगल आहे. पगारी माणसं आहेत, सहा महिन्यांनी एकदा आवृत्ती येते. रस्टची दर सहा आठवड्यांनी येते. आणि ज्या भाषा चार जण रात्री जागून चालवतात त्यांचं काय? त्यांच्याकडून तुम्ही निबंध मागताय. वापरणाऱ्यांच्या अशाच मागण्यांनी लोक प्रकल्प सोडून जातात. कंसात कंस यांनी आत्ताच महिनाभर फिरकले नाही म्हणून सांगितलं, ते तुम्ही वाचलंत की नाही?

रिकामी ओळ

माझ्या तोंडी नसलेलं घालू नका. निबंध कोणी मागितला? तीन वाक्यं मागतोय, आणि ती फक्त ज्या बदलाने चालू कोड मोडू शकतो त्याच्यासाठी.

कंसात कंस

माझ्यावरून भांडू नका. मी दमले होते ते लिहून नाही, शिव्या खाऊन.

लिहिण्याबद्दल अनुभवाने सांगते. नोट कधी लिहिली जाते यावर सगळं अवलंबून असतं. आमच्याकडे पूर्वी रिलीजच्या आठवड्यात एक जण बसून सगळ्या कमिट चाळायचा. सहा महिन्यांपूर्वी मी केलेल्या बदलाबद्दल तो मला विचारायचा, मलाही आठवायचं नाही, मग आम्ही दोघं मिळून चार गुळगुळीत शब्द लिहायचो. पायथनमध्ये बदलासोबतच नोटची छोटी फाइल द्यावी लागते, नसेल तर तपासणी लाल होते. गरज नसेल तर तसं लेबल लावावं लागतं, म्हणजे गाळायचं असेल तर ते ठरवून आणि सगळ्यांसमोर गाळावं लागतं. या तुकड्यांचा पूर्ण चेंजलॉग (सगळ्या बदलांची यादी) यंत्र जुळवतं. ‘व्हॉट्स न्यू’ वेगळं, ते माणसं लिहितात. अर्धविरामना हवी ती यादी आणि रिकामी ओळ यांना हवी ती नोट, दोन्ही तिथे आहेत. आम्हीही आता बदलासोबतच नोट मागतो. पुल रिक्वेस्ट (बदल कोडमध्ये घ्या अशी विनंती) तपासणारा नोटही तपासतो.

अर्धविराम

बदलासोबत नोट, हे चालेल. नाइलाजाने म्हणतोय, कारण तेव्हा लिहायला पाच मिनिटं लागतात हे खरं आहे. पण पूर्ण यादी हवीच, तिथून मी हटणार नाही. माझा सॉर्ट तुमच्या तीन वाक्यांत कधीच आला नसता.

रिकामी ओळ

नसता आला. तुमच्यासारख्याला पूर्ण यादी लागते, हे मला काल मान्य नव्हतं, आज आहे.

कंसात कंस

मग एक काम करा, दोघेही. माझी एक नोट अडकली आहे. स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) तोडून यादी करणारं फंक्शन बदललंय. मी लिहिलं होतं: ‘रिकाम्या स्ट्रिंगबाबतचं वर्तन सुसंगत केलं.’ हा धागा वाचून पुन्हा लिहिलं:

‘रिकामी स्ट्रिंग तोडली की आधी रिकामी यादी मिळायची, आता एक रिकामा घटक असलेली यादी मिळेल. काही प्रोग्रॅमवर याचा परिणाम होऊ शकतो.’

रिकामी ओळ

पहिलं वाक्य उत्तम. दुसऱ्याने मला काहीच कळत नाही. माझा प्रोग्रॅम त्या ‘काही’मध्ये आहे का?

अर्धविराम

‘होऊ शकतो’ काढा. यादीची लांबी शून्य असेल तर थांब, असं लिहिणारे सगळे यात अडकणार, आणि एररही येणार नाही. रिकामा घटक घेऊन कोड गुपचूप पुढे जाईल. माझ्या सॉर्टसारखंच, पाच दिवस जातील कोणाचे तरी. ते लिहा, आणि शोधायचं काय तेही लिहा.

कंसात कंस

‘रिकामी स्ट्रिंग तोडली की आधी रिकामी यादी मिळायची, आता एक रिकामा घटक असलेली यादी मिळेल. तोडल्यानंतर यादीची लांबी शून्य आहे का हे तपासून थांबणारा कोड आता थांबणार नाही, एररही येणार नाही. अशा तपासण्या शोधा आणि त्याऐवजी तोडण्याआधी स्ट्रिंग रिकामी आहे का ते बघा, ते जुन्या आणि नव्या दोन्ही आवृत्त्यांत चालेल.’

अर्धविराम

हे टाका. आणि ‘किरकोळ बदल’च्या मथळ्याखाली नको, सगळ्यात वर.