माशी दिसेनाशी झाली तेव्हा: रेड डॉटचे अनुभव लिहा

महूनाका_इंदूर
काल खंडेनवमीला वडिलांचं .३२ रिव्हॉल्व्हर पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि एकदम ह्यूस्टनची रेंज आठवली. मुलाकडे ग्रीन कार्डावर राहत होतो तेव्हा त्याच्या स्मिथ अँड वेसन ६८६ रिव्हॉल्व्हरवर रेड डॉट, म्हणजे लाल ठिपका दाखवणारी नेम धरायची काच, होती. साठी उलटल्यावर माझी नेमबाजी बंदच पडली होती. नेम धरायची मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि टारगेट ही तिन्ही वेगवेगळ्या अंतरावर, आणि डोळा एका वेळी एकावरच ठरतो. वाचायच्या चष्म्यातून माशी दिसे, पण टारगेट विरघळून जाई. रेड डॉटमध्ये एलईडीचा उजेड काचेवरून परत येतो आणि ठिपका टारगेटच्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो. दोन्ही डोळे उघडे, नजर टारगेटवर. .३८ स्पेशल गोळ्या भरून सिंगल ॲक्शनने, म्हणजे घोडा आधी मागे ओढून, झाडल्या, सगळ्या टारगेटच्या काळ्या भागात. डोळ्यांत पाणी आलं हो. वय झालं म्हणून सोडून दिलेले इथे बरेच असतील. रिव्हॉल्व्हर, एअर पिस्तूल, काहीही चालेल, लिहा.

मांडवी_वडोदरा
फाफडा-जलेबीच्या रांगेतून वाचतेय, दसऱ्याच्या शुभेच्छा सगळ्यांना! मला ठिपका ठिपक्यासारखा दिसतच नाही, फुलबाजीसारखा फुटतो. पुतण्या म्हणतो वस्तू खराब आहे.

टेक्सासची_माहेरवाशीण
वस्तू नाही ताई, बहुतेक ॲस्टिग्मॅटिझम, म्हणजे डोळ्याच्या वक्रतेतला दोष. फोनने ठिपक्याचा फोटो काढून बघा. फोटोत गोल आला तर डोळे तपासून घ्या. उजेड कमी केला की फुटणंही कमी होतं.
काका, ६८६ माझ्याकडेही आहे. रिव्हॉल्व्हरचा एक त्रास कोणी आधी सांगत नाही. सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून गॅस आणि शिशाचे कण उडतात. ठिपका अगदी पुढे बसवलात तर काचेवर काजळी धरते, आणि त्यातून बघितलं की ठिपक्याभोवती धुकं. दर वेळी मऊ कापड आणि काच पुसायचं द्रावण लागतंच. शिवाय .३५७ च्या जोरदार गोळ्यांच्या धक्क्याने स्क्रू ढिले होतात. निळं थ्रेडलॉकर (स्क्रू पकडून ठेवणारा डिंक) लावा आणि स्क्रूवर पेनाने रेघ मारून ठेवा, हलला की लगेच कळतं.

लष्कर_ग्वाल्हेर
आमच्याकडे हत्यार घरी कमी आणि ठाण्यात जास्त. निवडणूक आली की जमा करा, मग सोडवायला चकरा. दादा, हे वडिलांच्या कानपूरवाल्या .३२ वर बसेल का? वडिलांना मोतीबिंदूनंतर पुन्हा एकदा रेंजवर न्यायचंय.

महूनाका_इंदूर
नको रे बाबा. ते वेब्ली या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या धर्तीचं, मधून मोडून उघडणारं. ६८६ ला मागच्या साइटखाली, म्हणजे खाचेखाली, स्क्रूची भोकं आधीच असतात, याला तशी सोय नाही. वडिलांची वस्तू आहे, भोकं पाडू नकोस. त्यांना एअर पिस्तुलावर ठिपका लावून दे, रेंज १० मीटर, फारसा आवाज नाही, फारसा धक्का नाही. आणि बाबांना माझा नमस्कार सांग.

महूचा_फौजी
महूत नोकरी झाली, म्हणून दोन शब्द. आर्मी मार्क्समनशिप युनिट इथलंच, विजय कुमारने २०१२ ला लंडनला २५ मीटर रॅपिड फायरचं रौप्य आणलं तेव्हा आख्ख्या छावणीत पेढे. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) पिस्तूल स्पर्धांत फक्त उघडी साइट, म्हणजे खाच आणि माशी, चालते. त्यामुळे मुलांना माशीवरच शिकवा. पोराला सुरुवातीलाच ठिपका दिलात तर स्पर्धेत उभं राहायची वेळ आली की सगळं नव्याने शिकावं लागेल. वयस्करांनी खुशाल वापरा.

टेक्सासची_माहेरवाशीण
फौजीदादा, ट्रिगरसाठी मात्र ठिपक्यासारखा मास्तर नाही. डबल ॲक्शनचा, म्हणजे ट्रिगरनेच घोडाही उचलायचा तेव्हाचा, लांब, जड ट्रिगर ओढताना ठिपका कसा थरथरतो ते डोळ्यासमोर दिसतं. उघड्या साइटमध्ये तीच थरथर असते, फक्त दिसत नाही. घाबरून ट्रिगर खेचू नका, हलू द्या, ओढत राहा.

राजवाडा_इंदूर
ठिपका ३ एमओए घ्यावा की ६?

महूनाका_इंदूर
एमओए हे ठिपक्याच्या आकाराचं कोनातलं माप. ३ एमओए म्हणजे २५ मीटरवर सव्वादोन सेंटिमीटरच्या आत. प्रिसिजन टारगेटची दहाची रिंग ५ सेंटिमीटरची, म्हणजे ठिपक्याभोवती दहा दिसत राहते. ६ चा जवळजवळ सगळी रिंग झाकतो. टारगेटसाठी ३ च घे.

राजवाडा_इंदूर
धन्यवाद काका. संध्याकाळी सोनं द्यायला येतो.

मांडवी_वडोदरा
फोटो काढला, ठिपका गोल आला! सोमवारी चष्म्याचं बघते. पुतण्याला आता कानपिचक्या.
आणि एक राहिलं. पूजेला ठेवण्याआधी सिलिंडर उघडून सहाही घरं बघा, घरात पोरंबाळं असतात. आमच्याकडे हे काम आजही सासूबाई स्वतः करतात, वय ८१.

लष्कर_ग्वाल्हेर
काकू, सासूबाईंना साष्टांग नमस्कार. दादा, वडील हो म्हणाले! एअर पिस्तुलावर ठिपका बसवायला रेल (वरची पट्टी) लागते का?

महूनाका_इंदूर
लागते. पिस्तुलाच्या वर ११ मिलिमीटरची लांबट खाच असेल तर त्या मापाचा माउंट (ठिपका पकडणारी पकड) माग. फोटो टाक, बघून सांगतो.