अनुभव धागा: अध्ययन अक्षमता असलेल्या मुलासाठी शाळेकडून मदत मिळवताना

मृण्मयी_
परवा भाचीने तिच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकाचा फोटो पाठवला. त्यावर वर्गशिक्षकांचा शेरा होता, 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' माझ्या मुलाच्या तिसरीतल्या प्रगतिपुस्तकावर जवळजवळ हाच शेरा होता, त्यामुळे ते सगळे दिवस पुन्हा आठवले. एकदा ऐकलेली गोष्ट तो शब्द न् शब्द परत सांगत असे. तीच गोष्ट वाचायला दिली की मात्र ओळ सुटे, 'प्रकाश'चा 'पक्राश' होई आणि 'पस्तीस' ऐकून तो वहीत 53 लिहीत असे. शाळेचे उत्तर ठरलेले होते, सराव वाढवा.

अध्ययन अक्षमतेचे, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित जड जाण्याचे, निदान झाल्यावर अर्ज दिला, तेव्हा परीक्षेत जादा वेळ मिळाला, पण रोजच्या वर्गात काहीच बदलले नाही. फळ्यावरचे उतरवून झाले नाही म्हणून त्याची मधली सुट्टी जातच राहिली. प्रमाणपत्राच्या जोरावर परीक्षेतील सवलत मिळते, वर्गातील मदत मात्र वेगळी आणि नेमक्या शब्दांत मागावी लागते, असे माझे मत तेव्हा झाले ते आजही कायम आहे. म्हणून दुसऱ्या अर्जात 'मुलाला समजून घ्यावे' असे मोघम न लिहिता 'फळ्यावरील मजकुराची छापील प्रत द्यावी, वर्गासमोर मोठ्याने वाचायला लावू नये, इतिहास-भूगोलात शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत' असे लिहिले आणि पोच घेतली. त्यातील पहिल्या दोन गोष्टी मान्य झाल्या. तुम्ही काय मागितले आणि काय मिळाले, ते कृपया लिहावे.

निवृत्त_बाई
मृण्मयीताई, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहिते. अर्जात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चा उल्लेख अवश्य करावा. 1995 च्या कायद्यात अध्ययन अक्षमता नव्हती. 2016 च्या कायद्यातील 21 प्रकारांत ती आली. अशी मुले लवकर ओळखून त्यांना साजेसे अध्यापन करण्याची अपेक्षा कलम 16 मध्ये आहे, तर कलम 17 मध्ये जादा वेळ, लेखनिक (मुलाने सांगितलेले उत्तर लिहून देणारी व्यक्ती) आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. मात्र भरलेल्या वर्गात एकट्या उभ्या असलेल्या शिक्षिकेला कलम दाखवले की ती बिचकते आणि मग मुलाशी जपून, म्हणजे दुरूनच वागते. मुख्याध्यापकांकडे कलम घेऊन जावे आणि वर्गशिक्षिकेकडे मुलाची वही घेऊन जावे.

चैत्रबन
53 वाचून हसू आले, कारण आमच्या घरात हेच चालते. मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, हे या मुलांना फारच जड जाते. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असे वाचन आले, तेव्हा केवढी थट्टा झाली होती! माझ्या मुलीला मात्र त्याच पद्धतीने संख्या लिहिता येऊ लागल्या. तिच्या बाईंनी तिला तोंडी परीक्षेत तसे म्हणू दिले, आणि त्यासाठी कुठलाही अर्ज लागला नाही.

दादा_कोपरा
आमच्याकडे जिल्हा परिषदेची शाळा आहे. गटसाधन केंद्रातील (तालुक्यातील शाळांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्रातील) विशेष शिक्षक येतात, पण अनेक शाळा मिळून एकच जण, त्यामुळे ते आले त्या दिवशी मुलगा आजारी असला की पुढची फेरी येईपर्यंत वाट पाहावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिकला अशा 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितले आहे. आमच्या सरांना ते ऐकवले, तर ते म्हणाले, 'मलाही हे वाचून फार बरे वाटले होते.' माणूस मनापासून काम करणारा आहे, म्हणून राग येत नाही.

ओवी७७
मृण्मयीताई, मधल्या सुट्टीचे वाचून पोटात तुटले. बाकी सविस्तर रात्री लिहीन, आत्ता डबे भरायचे आहेत.

अनिरुद्ध_बाबा
भाषेच्या सवलतीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. आमच्या शाळेने सूट स्वतःहून देऊ केली, कारण त्यात शाळेला काही करावे लागत नाही. वाचन शिकवणारी व्यक्ती मागितली तेव्हा मात्र 'आमच्याकडे तशी सोय नाही' असे तोंडी सांगण्यात आले. मी तेच वाक्य लेखी मागितले. ते लेखी कधीच आले नाही, परंतु आठवड्यातून काही तास शिकवायला एक बाई आल्या.

चैत्रबन
अनिरुद्धदादा, ही युक्ती मी उचलणार आहे. लेखनिकाबद्दल कोणी सांगू शकेल का? मुलगी पुढच्या वर्षी नववीत जाईल.

मृण्मयी_
लेखनिक सहसा खालच्या इयत्तेतला घेतात. परवानगीची कागदपत्रे दहावीत धावपळ करून जमवण्यापेक्षा नववीतच शाळेकडे द्यावीत, आणि नववीच्या घटक चाचण्यांना लेखनिक बसवू देण्याची विनंती त्याच अर्जात करावी. उत्तर मनात असणे वेगळे आणि ते दुसऱ्याला विरामचिन्हांसह सांगणे वेगळे. माझा मुलगा सुरुवातीला इतक्या वेगाने बोलत असे की लिहिणारी मुलगी रडवेली होई. भूमितीच्या आकृत्यांचे काय करायचे, तेही आधीच विचारून ठेवा. आम्हाला त्याबद्दल वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी उत्तरे दिली होती.