मदत हवी आहे : आई-नानांना बर्फाचा समुद्र दाखवायचा आहे. अलास्का की नॉर्वे?

तापीकाठ :

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा मोठा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पुढच्या मे महिन्यात आई-नानांना थंड प्रदेशातल्या क्रूझवर न्यायचं ठरवलंय. नाना बहात्तरचे, आई सहासष्टची. गाव चोपडा तालुक्यात, तापीच्या काठाला. केळी आणि कापूस. शेती आता भाऊ बघतो, मी जळगावला नोकरीला. खर्च भाऊ आणि मी मिळून करणार, सोबत मी जाणार.

इच्छा नानांची आहे. हिमनदीचा कडा तुटून समुद्रात कोसळतो, ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. "माले एकदाव देखनं शे," एवढंच म्हणाले. जन्मभर थंडीशी वैर केलेल्या माणसाला हे वाटावं, याचं मला फार अप्रूप आहे. केळीवाल्यांना सांगायला नको. पारा दहाच्या खाली गेला की पानं पिवळी पडतात, बागेची वाढ थांबते, निसवण (घड बाहेर पडणं) रखडते. मग रात्री मोटार चालू करून पाणी द्या, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करा. नानांच्या कितीतरी रात्री अशा बागेत गेल्या. आता थंडी त्यांना नुसती बघायला मिळावी, तिच्याशी झगडावं लागू नये, असं मनापासून वाटतं.

वेळेची अडचण अशी की आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आत्या आणि बहिणी माहेरी येतात, तेव्हा आई घर सोडणार नाही. आणि मृग तोंडावर आला की नाना गावाबाहेर थांबणार नाहीत, भाऊ कितीही समर्थ असला तरी. म्हणजे आखाजी आटोपल्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जेवढे दिवस मिळतील तेवढेच. तेव्हा आमच्याकडे ४४-४५ अंश असतात, त्यामुळे बाहेर पडायला त्यांची ना नाही.

एवढ्यानेच निम्मे पर्याय गळले. अंटार्क्टिकाचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. शिवाय अर्जेंटिनातल्या उशुआयाहून निघालं की ड्रेक पॅसेजचा खवळलेला समुद्र ओलांडायला दोनेक दिवस, आणि किनाऱ्यावर उतरायचं ते रबरी बोटीतून. नानांचे गुडघे ते करू देणार नाहीत. नॉर्दर्न लाइट्सही बाद, कारण मेच्या मध्यानंतर त्या उत्तरेला रात्र काळी होतच नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण एका टूरवाल्याने मेच्या सहलीच्या पत्रकावर हिरव्या आकाशाचा फोटो छापलेला मी पाहिला. वडीलधाऱ्या माणसांच्या हातात असं पत्रक देऊ नये.

उरले दोन.

नॉर्वेत किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी बोटसेवा १८९३ पासून चालू आहे, आता ती बर्गन ते किर्केनेस जाते. ३४ बंदरं घेते, माणसांबरोबर मालही नेते, जाऊन-येऊन बारा दिवस लागतात. मेअखेरीस डोंगरावरचं बर्फ वितळत असल्याने धबधबे भरून वाहतात, आणि नॉर्थ केपच्या टोकाला साधारण १४ मेपासून जुलैअखेरपर्यंत सूर्य मावळत नाही. शेंगेन व्हिसा एकच पुरतो. मला स्वतःला हाच मार्ग जास्त आवडला. गावोगावी थांबणारी बोट, त्यात चढणारी-उतरणारी तिथली माणसं, हे नानांनाही रुचेल. पण नानांना हवा तो समुद्रात उतरलेला बर्फाचा कडा या मार्गावर नाही. त्यासाठी आणखी वर स्वालबार्डला जावं लागतं.

अलास्कात तो कडा आहे. पण अमेरिकेचा आणि कॅनडाचा असे दोन व्हिसा, लांबचं विमान, आणि जहाज म्हणजे अडीच-तीन हजार माणसांचं गाव.

आता आईचं. आई माळकरी आहे. अंडं चालत नाही, केकमधलंसुद्धा नाही. एकादशीला उपास. आणि तिला गाडी लागते. कन्नडचा घाट ओलांडायचा म्हणजे आदल्या रात्रीपासून ती धास्तावते. समुद्रात सात दिवस हलत राहायचं तर तिचं काय होईल, याची मला सगळ्यात जास्त काळजी आहे. नानांच्या हौसेपायी ती केबिनमध्ये डोळे मिटून पडून राहिली, तर ती सहल मला नको.

विमानासकट माणशी साडेपाच-सहा लाखांपर्यंत खर्च करू शकतो. विचारायचं ते असं : दोन्हींपैकी कोणता समुद्र शांत? आईचं जेवणाचं कसं होईल? आणि मेमध्ये खरंच कडा कोसळताना दिसतो का, की तो जुलै-ऑगस्टचा खेळ आहे?

गिरणा :

ताई, मुलगा सिएटलला असल्याने आम्ही दोघं अलास्काला जाऊन आलो. तुमच्या नानांची इच्छा वाचून राहवलं नाही.

अलास्का ठरवलंत तर जहाज कुठून निघतं हे आधी बघा. कंपनी, जहाजाचा आकार, वरचा झगमगाट, हे सगळं नंतर. अमेरिकेतल्या सिएटलहून सुटणारी बहुतेक जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, म्हणजे उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. तिथे लाटा लागतात. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराहून निघून तिथेच परत येणारी जहाजं बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यातून जातात, त्याला इनसाइड पॅसेज म्हणतात. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये पाणी. मधले एक-दोन उघडे पट्टे सोडले तर बराचसा प्रवास आडोशाने होतो. तुमच्या आईंसाठी व्हँकुव्हरच. तिसरा प्रकार व्हँकुव्हरहून निघून वर सुअर्ड किंवा व्हिटियरला सोडणारा. त्यात अलास्काचं आखात ओलांडावं लागतं, आणि ते उघडं पाणी आहे.

सिएटलहून गेलं तर कॅनडाचा व्हिसा वाचेल असं कुणी सांगेल. वाचत नाही. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेतून अमेरिकेत प्रवासी नेताना मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं, असा १८८६ चा कायदा आहे. म्हणून सिएटलची जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, आणि भारतीय पासपोर्टला तिथेही व्हिसा लागतो. व्हँकुव्हरहून निघालात तर अलास्काहून परत कॅनडात याल, तेव्हा कॅनडाचा व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा असलेला बरा. हे नीट तपासा.

आता कडा. ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठी जहाजं सोडतात. म्हणून "अलास्का क्रूझ" एवढ्या नावावर पैसे भरू नका, मार्गात ग्लेशियर बे लिहिलंय का ते वाचा. उद्यानाचे रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात. जहाज मार्जरी हिमनदीसमोर बराच वेळ थांबतं आणि जागच्या जागी वळतं, त्यामुळे दोन्ही बाजूंना दिसतं. १७९४ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हर या दर्यावर्दीची मोहीम तिथे आली तेव्हा खाडीच्या तोंडाशीच बर्फाची भिंत होती. तो बर्फ आता शंभरेक किलोमीटर आत सरकलाय. हे नानांना आधी सांगून ठेवा. मला तरी त्याने बघण्याची नजरच बदलली.

कडा कोसळणं कुणाच्या हातात नाही. मेमध्येही कोसळतो, पण तुम्ही समोर असतानाच कोसळेल याची हमी कुणी देणार नाही. शक्यता वाढवायची असेल तर हबर्ड हिमनदी, तिचं तोंड जवळजवळ दहा किलोमीटर रुंद आहे. पण तिच्याकडे जायचं तर पुन्हा ते उघडं आखात, आणि मेमध्ये तरंगत्या बर्फामुळे जहाज फार जवळ जाईलच असं नाही. आईंचा विचार करता मी ग्लेशियर बेवर समाधान मानेन. काही जहाजं ट्रेसी आर्म नावाच्या खाडीत नेत. तिथे ऑगस्ट २०२५ मध्ये प्रचंड दरड कोसळून पाणी उसळलं होतं, तेव्हा पत्रकात ते नाव दिसलं तर सध्याचा मार्ग काय हे विचारून घ्या.

मे उत्तम. त्या किनाऱ्यावर वसंतातले महिने त्यातल्या त्यात कोरडे. केचिकनला वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे रेनकोट मात्र घ्याच. थंडीचं म्हणाल तर जुनोला मेमध्ये दिवसा १२-१४ अंश, पहाटे चार-पाच. आपल्याकडच्या कडक थंडीतल्या पहाटेहून जरा जास्त गार. वारा मात्र बोचतो. सुती कपडे अंगावर ओले झाले की गारठा धरतात. आत थर्मल, वर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात वर पाणी-वारा अडवणारं जाकीट.

आणि स्कॅगवेला नानांना रेल्वेत बसवा. व्हाइट पास अँड युकॉन रूट, सोन्याच्या शोधातल्या गर्दीसाठी १८९८ ते १९०० मध्ये बांधलेली नॅरोगेज. आमच्या पीजेवर, म्हणजे पाचोरा-जामनेर नॅरोगेजवर, ज्यांनी जीव लावला त्यांना ती बघून भरून येतं. चालावं लागत नाही, गुडघ्यांना त्रास नाही.

पांझरा :

मी नॉर्वेच्या बाजूने आहे. ताई, तुम्हीच लिहिलंय की गावोगावची माणसं नानांना रुचतील. त्या बोटींवर कॅसिनो नाही, रोजचे गाण्यांचे शो नाहीत, वय झालेल्यांना निवांत वाटतं. व्हिसाची दगदग एकाच ठिकाणी. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, तो तसाही काढायला हवाच. बर्गनहून वर जाताना काही पट्टे उघड्या समुद्राचे आहेत हे खरं, तिथे आईंना त्रास होऊ शकतो. शाकाहारी जेवण आधी कळवलं तर करतात, पण आपल्या चवीचं काही मिळेल ही अपेक्षा नको.

तापीकाठ :

गिरणाभाऊ, तुमचे उपकार कसे मानू! व्हँकुव्हर आणि सिएटलमधला हा फरक मला एकाही टूरवाल्याने सांगितला नव्हता. पांझरा, तुमचं म्हणणं पटतं. फक्त मलाच जायचं असतं तर मी नॉर्वेलाच गेले असते. पण नानांनी मागितलं ते वेगळं आहे, आणि तिकडे नेऊन "बघा, हेही सुंदर आहे" असं त्यांना म्हणणं माझ्याने होणार नाही.

अनेर :

मी मूळचा शिरपूरचा, बरीच वर्षं क्रूझच्या गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, काम केलं. आईंच्या जेवणाचं सांगतो.

मोठ्या जहाजांवर भारतीय स्वयंपाकी जवळजवळ नेहमी असतात. आरक्षण करतानाच "शाकाहारी, अंडं नाही" असं लेखी कळवा. नुसतं शाकाहारी लिहिलंत तर अंडं येतं. मग पहिल्याच संध्याकाळी डायनिंग हॉलच्या मुख्य वेटरला भेटा आणि रोज रात्री दुसऱ्या दिवसाचं सांगून ठेवा. वरण, भात, भाजी, पोळी सहसा करून देतात. उपासाला दूध, फळं, दही, उकडलेले बटाटे भरपूर. भाकरी मिळणार नाही. घरचं शिजवलेलं काही नेता येत नाही. दुकानातली पाकीटबंद शेव, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू चालतात. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ घेऊन जाल तर बॅगेतच राहील. केटल किंवा पाणी तापवायची कॉइल नेऊ नका, काढून घेतात. गरम पाणी बुफेत कधीही मिळतं. बुफेतलं फळ हातात घेऊन बंदरावर उतरू नका, अमेरिकेत ते चालत नाही.

केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्या. पुढचं आणि मागचं टोक जास्त हलतं, वरचे मजले जास्त झुलतात. महागडी केबिन वर असते म्हणून ती चांगली, असं आईंच्या बाबतीत नाही. मळमळीची गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, आधी घ्यावी लागते. पण ॲव्होमिनने वयस्कर माणसांना फार गुंगी येते, तोल जातो. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आईंना डेकवर मोकळ्या हवेत बसवून लांबचा किनारा बघायला सांगा, इनसाइड पॅसेजमध्ये किनारा सतत दिसतो.

जहाजावरचा दवाखाना महाग. विमा घेताना आधीपासूनचे आजार लपवू नका, आणि जहाजावरून हॉस्पिटलला हलवण्याचा खर्च त्यात धरलाय का ते बघा. तिकिटाशिवाय रोज माणशी साधारण १६ ते २० डॉलर सेवाशुल्क खात्यावर पडतं, ते बजेटमध्ये धरा. टूर कंपनीकडून घेतलंत तर टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा कर) कापतील, ते विवरणपत्रात वळतं करून घेता येतं.

तापीकाठ :

अनेरभाऊ, आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. उकडलेल्या बटाट्यावर ती लगेच तयार झाली. आता तीच विचारतेय की लोकरीचं विणायला कधी बसू!

ठरलं असं : व्हँकुव्हरहून निघून तिथेच परत, सात रात्री, मार्गात ग्लेशियर बे, केबिन मध्यावर आणि खाली. बाल्कनी घेणार नाही. तेच पैसे स्कॅगवेची रेल्वे आणि चांगल्या विम्यासाठी ठेवते. समुद्राच्या आधी व्हँकुव्हरला दोन दिवस राहू, लांबच्या विमानानंतर लगेच जहाजावर चढवणं दोघांनाही झेपायचं नाही.

एक शंका उरली. अलीकडे कुणी आई-वडिलांसाठी अमेरिका आणि कॅनडा दोन्ही व्हिसा मुंबईहून केले असतील, तर आधी कोणता अर्ज टाकलात? अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख लांबची मिळते असं ऐकते, म्हणून तो आत्ताच टाकावा असं वाटतं. पण कॅनडाच्या बोटांच्या ठशांची तारीख त्याच आठवड्यात जुळवता आली, तर नानांना मुंबईची एकच खेप पडेल. असं जुळवणं जमलंय का कुणाला?