लिफ्ट नसलेल्या इमारतीत किराणा वरपर्यंत पोहोचवण्यासाठी मदत हवी आहे

पुण्यात सदाशिव पेठेतील एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर माझे आई-वडील राहतात. दोघांनीही पंचाहत्तरी ओलांडली असून गुडघेदुखीमुळे आईला जिना चढणे जवळजवळ अशक्य झाले आहे. नेहमीचे दुकानदार महिन्याचा किराणा घरपोच देतात खरे, परंतु 10 किलो गहू आणि 5 लिटर तेलाचा डबा पोहोचवणारा मुलगा तळमजल्यावरच ठेवून जातो. त्याला मी दोष देत नाही, कारण दिवसभर असे जिने चढणे फार कष्टाचे आहे. वेगळी हमाली देण्याची आमची तयारी आहे. मात्र ती मजल्यामागे किती असावी, दुकानदाराशी ठरवावी की थेट त्या मुलाच्या हातात द्यावी, आणि गॅलरीतून दोरी-कप्पीने सामान ओढून घेणे कितपत सुरक्षित आहे, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.