सागरी रस्त्यानं दुचाकीवरून कोकण: तुमचे अनुभव लिहा

मुंबई-गोवा हायवेचं रडगाणं पुष्कळ झालं. हा धागा त्याच्या पश्चिमेच्या रस्त्यासाठी, रेवस ते रेड्डी. बाइक असो वा स्कूटर, या पट्ट्यात कुठेही फिरला असाल तर लिहा. अ‍ॅव्हरेज आणि टॉप स्पीड नको. सुरुवात मी करतो.

दिवेआगरहून श्रीवर्धनला शेखाडीमार्गे गेलो. डावीकडे डोंगर, उजवीकडे खडक आणि थेट पाणी. तिसऱ्या गियरच्या वर जावंसंच वाटत नाही. पुढे खाड्यांवर सगळीकडे पूल झाले की फेरीबोटीची मजा जाणार, तोवर जाऊन या.

चेनलूब
बागमांडल्याला ऐन ओहोटीत पोचलो. धक्क्याच्या उताराचा खालचा भाग उघडा पडलेला, त्यावर हिरवं शेवाळ. पुढच्या बुलेटवाल्यानं फ्रंट ब्रेक दाबला आणि गाडी आडवी! फेरीवरचा पोरगा मला ओरडून म्हणाला, "दादा, पुढचा ब्रेक इसरा, पहिल्यावर टाका नि हळूहळू या." तसाच उतरलो. फेरीत गाडी गियरमध्येच ठेवा आणि तिच्यापाशीच उभे राहा, लाटेनं साइड स्टँड हलतो. पलीकडे वेश्वी. तिथून केळशीपर्यंत रस्ता झकास, फक्त वळणांवर जांभ्याचा भुगा असतो. डांबर कोरडं दिसतं, चाक मात्र सरकतं. आणि घरी आल्यावर चेन गोड्या पाण्यानं धुवा. खारा वारा कुणाचीच गय करत नाही.

डबलसीट
मागे बसणाऱ्यांचं कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीपाशी उतरले तेव्हा गुडघे सरळ होईनात. नवरा मात्र "बघ काय व्ह्यू आहे!" हर्णैला संध्याकाळचा लिलाव गाठला. होड्या आत थांबलेल्या, मासळी बैलगाड्यांतून काठावर येत होती. मोहात पडून कोळंबी घेतली, ती टाकीवर लटकवून मुरुडला मुक्कामी नेली. काकूंनी तिचं सुकं करून दिलं, सोबत तांदळाची भाकरी. त्यानंतर गुडघ्यांची तक्रार नाही.

खाडीपलीकडचा
मी धोपाव्याचा. दाभोळची फेरी 2003 मध्ये सुरू झाली. त्याआधी गाडी पलीकडे न्यायची तर चिपळूणचा वळसा. आजही शेवटची फेरी चुकली की तोच. पूल झाले की मजा जाईल म्हणणाऱ्यांनी एकदा रात्री बाळंतीण घेऊन धक्क्यावर उभं राहावं. राग मानू नका, या जरूर. फक्त वाडीत शिरल्यावर तो फटफट सायलेन्सर आवरा, आणि मॅप दाखवतोय म्हणून पाखाडीत गाडी घालू नका. तिथे पायऱ्या असतात हो!

क्लचवायर
वरच्यांशी सहमत. गुहागरात पेट्रोल भरून घ्या, पुढे वेळणेश्वर-हेदवीच्या चढउतारात पंप शोधत बसू नका. तवसाळहून फेरीनं जयगड, मग मालगुंडला केशवसुतांचं स्मारक. तिथे दुपारी गर्दी नव्हती, बाहेर सावलीत हेल्मेट उशाला घेऊन चक्क झोपलो. आरे-वारेचा वरचा टप्पा देखणा खराच, पण भर वळणावर गाड्या लावून सेल्फी चाललेले. हॉर्न देत देतच गेलो.

रत्नागिरीच्या खाली पावस-पूर्णगडकडून विजयदुर्गापर्यंत हल्ली कुणी गेलंय का? रस्त्याची अवस्था कळवा, पुढच्या महिन्यात निघतोय.